बसव्वाच्या नावानं

सकाळी सव्वासातला गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीच्या धारेखाली पेला धरून उभा होतो, तेव्हा फोन वाजला. पलीकडच्या बाईंनी विचारले, "बसव्वा बोलताय का?" आणि मी म्हणालो, "हो, बोलतेय."

माझे वय चौऱ्याहत्तर. मिशा पांढऱ्या, पण अजून पीळ धरणाऱ्या, आणि आवाज तालमीच्या दारातून आत हाक मारावी असा. धार काढणारा ज्ञानू थांबला आणि त्याने मान वर केली. म्हशीनेही मान वळवली असे मी नंतर दोन ठिकाणी सांगितले, पण ते खरे नाही, म्हैस रवंथ करत होती.  पलीकडच्या बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "आजोबा, मी सायबर पोलीस ठाण्यातून उपनिरीक्षक प्रियदर्शनी बोलतेय. आज चार वाजता या. येताना हाच फोन घेऊन या." त्या 'आजोबा' म्हणाल्या आणि चौदा महिने जगलेली बसव्वा तिथेच संपली. पेला भरून फेस मनगटावर उतरला होता. ज्ञानू म्हणाला, "कोण ओ बसव्वा?" मी म्हणालो, "फोनची कंपनी. नवीन हाय, कानडी." "आन तुम्ही बोलतेय काय म्हणला?" "त्यांचा नियमच हाय तसा. पयला शब्द बाईगत बोलला तरच फोन लागतो." ज्ञानू म्हणाला, "असंल बाबा," आणि दुसऱ्या सडाला हात घातला. माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही हे मला ठाऊक आहे. लोक ऐकून घेतात, आणि आजवर मला तेवढे पुरत आले.

घरी चालत निघालो. भीती वाटत होती म्हणावे तर तसे काही नव्हते. तोंडात दुधाची ऊब होती, उन्हे कोवळी होती, रस्ता झाडणारी बाई माझ्यासाठी झाडू आवरून उभी राहिली. फक्त तो एक शब्द जिभेवर बसून राहिला होता. 'बोलतेय' हा शब्द माझ्या तोंडात इतका तयार कसा होता? मग ध्यानात आले की अलीकडे मी मनातसुद्धा तसाच बोलायला लागलो होतो. अंघोळ झाली की मनात म्हणायचो, झाली बाई, आता देवपूजा करते. आयुष्याची एकतीस वर्षे मी एका छापखान्यात काढली. आधी अक्षरांचे खिळे जुळवले, मग डोळे जरा अधू झाल्यावर त्यांनी मला प्रुफे वाचायला बसवले, हा मालकाचा विनोद. कर्ता बाई असून क्रियापद पुरुषाचे आले की माझ्या दाताखाली खडा येई. हजारो बायकांची क्रियापदे मी लाल शाईने सुधारली असतील. फार पूर्वीच्या एका पुरात त्या छापखान्यात पाणी शिरले, शिशाचे खिळे वाहून गेले, आणि पुढे पंचगंगेत धरलेल्या एका माशाच्या पोटात 'क्ष' सापडला, ही माझी जुनी गोष्ट. तो मासा कापणाऱ्या बाईला 'क्ष' वाचता आला नाही म्हणून तिने तो खडा समजून टाकून दिला, असा तिचा शेवट. मुलाला, अमरसिंहाला, लहानपणी ती फार आवडायची. आता तो पंचेचाळीसचा आहे आणि मी 'एकदा काय झालं' म्हणालो की फोन काढतो.

चिमणाबाई माझी धाकटी बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी लहान, नेसरीत असते. बारा वर्षे ती माझ्याशी बोलली नाही. तिच्या नातीने तिला मोठा फोन घेऊन दिला आणि फेसबुकवर बसवले, हे मला एका लग्नाच्या फोटोंवरून कळले. फोटोत ती पंगतीत वाढत होती आणि तिच्या केसांत काळे काही उरले नव्हते. मी माझ्या नावाने मैत्रीची विनंती पाठवली. ती तीन आठवडे तशीच पडून राहिली आणि एके दिवशी नाहीशी झाली. बारा वर्षांपूर्वी भाऊबीजेला ओवाळणीचे ताट मांडून मी दाराकडे बघत बसलो होतो, ती दुपार मला पुन्हा तशीच्या तशी आली, पाटाखालच्या रांगोळीच्या कणांसकट. मग मला बसव्वा आठवली. आमच्या नेसरीच्या घराशेजारी प्रभुलिंग वाण्यांचे दुकान होते, त्यांची ही मुलगी, चिमणीची जिवाची मैत्रीण. दोघी करवंदांना जायच्या आणि परत येताना जिभा निळ्या करून एकमेकींना दाखवायच्या. लग्न होऊन ती हुक्केरीकडे गेली, नंतर नातवाबरोबर कागलला आली. त्या नातवाने, वीरभद्रने, आज्जीच्या सत्तरीचा फोटो टाकला होता. मी तो उचलला, नाव लिहिले, गाव लिहिले, आणि बसव्वा झालो. ही चोरी आहे असे तेव्हा वाटले नाही. गोष्ट सांगताना आपण शेजाऱ्याची म्हैस विहिरीत पाडतो, तेव्हा कुठे शेजाऱ्याला विचारतो?

पहिला मजकूर मी चार वेळा वाचून, तपासून पाठवला. 'चिमणे, ओळखलंस का? मी बसव्वा. तुझी फार आठवण आली म्हणून शोधत शोधत इथे आले.' दोन दिवस काही नाही. मग तीन शब्द आले, 'वळकलं की लगीच'. तिला टंकता येत नाही. ती फोनपुढे बोलते आणि फोन लिहितो, त्यामुळे तिचा आवाज जसाच्या तसा यायचा, ना टिंब ना स्वल्पविराम. आम्ही काय बोलायचो? काही नाही. म्हशीला दिवस गेलेत, गुडघा धरलाय, नात बारावीला हाय, यंदा काजूला मोहर कमी हाय. ती फोन करायचे म्हणाली तेव्हा मी बेळगावच्या डॉक्टरांकडून बसव्वाच्या घशाचे ऑपरेशन करवून घेतले आणि वर्षभर बोलायला बंदी घातली. 'बोलू नगंस मग', तिने लिहिले, 'तू लिव मी बोलतो'. एकदा अचानक आले, 'मला एक भाऊ हाय कोल्हापुरात लई खोटं बोलतो पर आईला त्याचं खोटं लई आवडायचं ती म्हणायची ह्यो घरात असला की चुलीफुडं करमतंय'. ते वाचून मी फोन उशीखाली ठेवून दिला आणि अर्धा तास खिडकीतून समोरच्या पत्र्यावरची कबुतरे मोजत बसलो. मध्ये एकदा तिने विचारले, 'एकदा ज्यानं फसवलं त्यो परत फसवतो काय ग'. मी बसव्वाच्या तोंडून उत्तर दिले, 'नाही गं. फसवणाराच जास्त भाजून निघतो.' तिने एवढेच म्हटले, 'बघूया'.

तर मी काय केले होते ते आता सांगितले पाहिजे. विहिरीकडच्या रानात चिमणीचा बापाकडून आलेला वाटा होता. आमच्याकडे बहिणी भावाच्या नावाने हक्क सोडतात, रीतच पडली आहे. बहीण सही करते, भाऊ साडी-चोळी करतो. पण त्यासाठी तिच्याकडे मागावे लागते, आणि मागताना बहिणीच्या तोंडाकडे बघावे लागते. ते मला जमले नाही. मी तिला गडहिंग्लजच्या निबंधकांच्या कचेरीत नेले आणि सांगितले, मोटरीच्या वीजजोडणीचा कागद आहे, विहीर सामाईक म्हणून तुझी सही लागते. ती कागदावर वाकली, तेवढ्यात मी साक्षीदारांना एका वायरमनची गोष्ट सांगायला लागलो, जो बायकोची लुगडी तारांवर वाळत घालायचा आणि गावात दिवे रंगीत लागायचे. सगळे हसले. साहेबांनी चिमणीला विचारले, "मजकूर कबूल हाय न्हवं?" ती म्हणाली, "हाय." बाहेर आल्यावर ती उसाचा रससुद्धा प्याली नाही, आणि त्यानंतर आलीच नाही. नाव बदलल्याची तलाठ्याची नोटीस तिच्या घरी गेली तेव्हा तिला कळले असणार, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. त्या रानात आता अमरसिंहाची काजूची झाडे आहेत, आणि तिथे काजू फोडायचा कारखाना काढायचा म्हणून त्याने वर्षभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आहेत.

जेवताना मी अमरसिंहाला सगळे सांगितले. तो घास हातात धरून बघत राहिला. "चौदा महिने?"

"व्हय."

"रोज?"

"रविवारी ती देवाला जाती. तवा न्हाय."

"आबा, तुमास्नी काय म्हणू मी आता." त्याने घास खाली ठेवला. मग आतल्या खोलीत जाऊन कुणा वकील मित्राला ठाण्यात चौकशी करायला लावून आला आणि उभ्यानेच म्हणाला, "हे बघा. अजून गुन्हा दाखल न्हाय, नुसता अर्ज हाय. मिटतंय. का केलं विचारलं की गंमत म्हणून केलं म्हणायचं. म्हातारा माणूस, घरात बसून कंटाळला, गंमत केली. हक्कसोडाचा 'ह' काढायचा न्हाय. पोलिसांच्या कागदावर तुमच्या हातानं 'बहिणीला फसवून सही घेतली' असं आलं की आत्ती तोच कागद घेऊन कोर्टात जाईल. आन कारखाना गेलाच म्हणून समजा."

"ती जाणार न्हाय कोर्टात."

"ते तुमाला काय ठावं? बसव्वानं सांगितलं व्हय?"

तो चांगले बोलला. असे बोलणे त्याने माझ्याकडूनच घेतले आहे.

चार वाजता अमरसिंहाबरोबर ठाण्यात गेलो. तिथे पंखा होता, पाणी होते, भिंतीवर फसवणुकीपासून सावध राहण्याचे फलक होते, आणि बाकावर बसव्वा बसली होती. पन्नास वर्षांनी बघत होतो. कपाळाला विभूती, मांडीवर पिशवी, पाय जमिनीला टेकत नव्हते म्हणून हलवत होती. माझ्या फोनमध्ये ती इतके दिवस होती, पण तिचे पाय असे हलतात हे मला माहीत नव्हते. शेजारी वीरभद्र उभा, तिशीचा, किडकिडीत, रागाने लाल. बसव्वाने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "आकाराम न्हवं? तू मी झालाहुतास म्हणं."

"व्हय."

"मग? कशी हाय मी?"

मला हसू आले आणि ते लगेच गिळावे लागले, कारण वीरभद्र पुढे सरकला. "मॅडम, ह्यास्नी चेष्टा वाटतीया. माझ्या आज्जीचं तोंड लावून ह्यो माणूस वर्षभर फिरतोय. मला फेसबुक म्हणतंय, ही तुमच्या ओळखीची असंल, मैत्री करा. माझी आज्जी माझ्या शेजारी चपाती खात बसलेली."  तो खोटा रागावला नव्हता. मी उचललेला फोटो त्यानेच काढलेला होता, आज्जीला तुळशीपाशी बसवून, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवले.

प्रियदर्शनी मॅडमनी कलमे सांगितली, माहिती तंत्रज्ञान कायदा, सहासष्ट क, दुसऱ्याची ओळख वापरणे, सहासष्ट ड, तोतयेगिरीने फसवणे. "तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आजोबा. कुणाकडं काही मागितलं का या नावानं?" मी नाही म्हणालो. माझ्या फोनमधून त्यांनी आमचे बोलणे कागदावर छापून घेतले होते. तपासासाठी म्हणून त्या त्यातले काही मोठ्याने वाचू लागल्या. 'काल बाजारात गेले होते गं. येताना दमले. घरी आले आणि पडून राहिले.' माझी वाक्ये दुसऱ्याच्या तोंडून किती स्वच्छ वाटत होती. एक चूक नव्हती. बसव्वाचे पाय हलायचे थांबले आणि कपाळाची विभूती आठ्यांत गोळा झाली.

"थांब बाई," ती म्हणाली. "ह्ये मी न्हवं."

"ते तुम्ही नाहीच, आजी. म्हणून तर अर्ज आहे."

"तसं न्हवं गं. मी कवा 'आले, गेले' म्हणतो? आमच्यात बाईमाणूस 'आलो, गेलो' म्हणतंय. आन गेले म्हणजे काय, मेलो व्हय मी? माझं नाव घ्यायचं तर नीट तरी घ्यावं माणसानं."

मॅडम कागदावरून मान वर करून हसल्या. "मीपण घरात 'येतो'च म्हणते, आजी. इथं लिहिताना तेवढं 'येते' करते."

आणि मी बसल्या जागी गार झालो. आई 'जातो' म्हणायची. बायको दारातून 'येतो ओ' म्हणून देवळाला जायची. चिमणी जन्मापासून 'मी जेवलो, मी न्हालो' म्हणत आली. हे सगळे माझ्या कानांनी ऐकलेले होते, पण हातात लेखणी आली की माझ्यातला प्रुफे वाचणारा उठून बसतो, आणि त्याने बसव्वाला पहिल्या ओळीपासून इतकी शुद्ध बाई करून टाकली होती की नेसरीच्या कुठल्याही बाईने हे सोंग ओळखले असते, आणि चिमणीला इतके शुद्ध लिहिणारा मी एकटाच ठाऊक होता. वळकलं की लगीच. छापायला बांधून ठेवलेल्या पानाचा दोर सुटून जुळवलेले खिळे एकामागून एक घरंगळावेत तसे ते चौदा महिने माझ्यापुढे घरंगळू लागले. 'बोलू नगंस, तू लिव.' 'जेवलास काय', हे गेल्या आषाढात एकदा आले होते आणि मी ते फोनच्या ऐकण्यातली चूक म्हणून सोडून दिले होते. 'मला एक भाऊ हाय' हे ती त्या भावालाच सांगत होती. 'परत फसवतो काय ग' असे विचारले तेव्हा मी बसव्वाच्या पदराआडून 'नाही गं' म्हणालो, आणि ती तिकडे फोन हातात धरून ते वाचत असेल. बघूया, म्हणाली. चौदा महिने बघत होती.

बसव्वाला खटला नको होता. "काय करायचाय म्हाताऱ्याला आत घालून? त्यो तिथल्या लोकांस्नी बी येडं करंल. माझा फोटो तेवढा काढून टाक म्हणावं." वीरभद्र बराच वेळ नाही म्हणत राहिला, मग म्हणाला, सगळे लिहून द्या, का केलं त्यासकट, सही करून. मॅडमनी कोरा कागद आणि पेन दिले. अमरसिंह माझ्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा राहिला.

मी नाव लिहिले, वय लिहिले, पत्ता लिहिला. फोटो कुठून घेतला ते लिहिले. 'हे कृत्य करण्याचा उद्देश' इथपर्यंत आलो आणि थांबलो. 'गंमत' हा शब्द लिहायला किती वेळ लागतो? त्या शब्दावर मी जन्म काढला होता. पण तो कागदावर उतरेना. वाटले, हा लिहिला की चिमणीला बघायचे ते बघून होईल. खुर्चीच्या पाठीवरची बोटे मला मानेशी जाणवत होती. मग मी लिहायला लागलो आणि हात थांबला नाही. गडहिंग्लजची तारीख, मोटरीच्या कागदाची थाप, 'कागदात काय आहे हे बहिणीला ठाऊक नव्हते', त्यानंतर ती बोलत नाही म्हणून हे नाव घेतले. नऊ ओळी. एकही गोष्ट नाही. अमरसिंहाने वरून वाचले आणि नुसते "आबा" म्हणाला, तेही खालच्या आवाजात.

मॅडमनी कागद वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग पेन्सिल घेऊन नऊच्या नऊ ओळींभोवती चौकट केली. "आजोबा, हे इथं नको. हा जमिनीचा विषय दिवाणी आहे, माझ्याकडं येत नाही. मला फक्त फेसबुकच्या खात्याचं पाहिजे. दुसरा कागद घ्या, उद्देशापुढं एक ओळ लिहा."

"पण खरं तेच हाय."

"असेल हो. पण इथं नको."

अमरसिंहाने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. मी दुसऱ्या कागदावर लिहिले, 'उद्देश: बहिणीशी बोलणे', आणि सही केली. वीरभद्रने ते वाचून कागद मॅडमपुढे सरकवला. मॅडमच्या देखत खाते पुसले. फोनने दोनदा विचारले, नक्की का, आणि मी दोनदा हो म्हणालो. बसव्वा जाताना म्हणाली, "चिमणीचा गुडगा बरा हाय काय रे?" मी सांगितले, थंडीत धरतोय. "मग तेल लाव म्हण तिला," ती म्हणाली आणि नातवाचा हात धरून पायऱ्या उतरली.

बाहेर गाड्या लावायच्या पत्र्याखाली मी उभा राहिलो. चौकटीतला पहिला कागद माझ्या हातात राहिला होता, तो कुणालाच नको होता. अमरसिंह म्हणाला, "झालं न्हवं आता? चला. आन तो कागद इकडं द्या." मी दिला नाही. चिमणीचा नंबर तिने बसव्वाला दिलेला होता. लावला. दुसऱ्या घंटेला उचलला.

"मी आकाराम," मी म्हणालो.

"व्हय. बोल."

तिचा आवाज जाड झाला होता. मागे कुठेतरी कोणी भांडी घासत होते. मी म्हणालो, एक वाचून दाखवतो, मधे बोलू नको. आणि चौकटीतल्या नऊ ओळी वाचल्या, प्रुफ वाचतात तशा, एका सुरात, स्वल्पविरामांसकट. अमरसिंह गाडीशी पाठ करून उभा होता. वाचून झाले तरी तिकडे भांडी वाजतच होती.

"झालं?" चिमणी म्हणाली.

"झालं."

"त्यात एक चुकलंय. मला ठावं न्हवतं असं लिवलंयस. ते खोड."

"का?"

"त्यो कागद वाचलाता की मी. चवथीपातूर साळा शिकलोय, इसरलास व्हय? तू तिकडं वायरमनच्या लुगड्यांचं सांगत हुतास, तवर मी दोनदा वाचला. मग सायबानं इचारलं, कबूल हाय काय. मी तुझ्याकडं बघितलं. म्हणलं आता तरी म्हणंल, चिमणे, तुझा वाटा दे. तू आपला सांगतोयस, दिवं हिरवं लागलं, दिवं लाल लागलं. समदी हसाय लागली. मग केली सही."

  मी विचारले, "मागितलं असतं तर दिलं असतंस?"

"ते मागितल्यावर कळलं असतं." ती म्हणाली. "माग आता."

"आता काय मागू? सगळं माझ्याच नावावर हाय."

"असू दे. माग."

पत्र्यावरून ऊन खाली आले होते आणि माझ्या चपलेच्या अंगठ्याशी पोचले होते. मी घसा साफ केला. लहानपणी तिच्या ताटातली पोळी मागायलासुद्धा मी आधी कुत्र्याची गोष्ट सांगायचो. "चिमणे," मी म्हणालो, "विहिरीकडचा तुझा वाटा मला देतीस काय?"

तिला विचार करावा लागला नाही.

"न्हाय," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणालो.

"सोमवारी ये गडहिंग्लजला. आदी हिकडं जेवाय ये, मग जाऊ." आणि तिने फोन ठेवला.

अमरसिंह वळला. "काय म्हणाली आत्ती?"

"न्हाय म्हणाली."

"म्हणजे?"

"म्हणजे तिचं रान तिच्या नावावर लावायचं. सोमवारी. तुझा कारखाना तिला विचार, मला विचारू नकोस. आणि नीट तोंडाकडं बघून विचार. तू येतोस का मी यष्टीनं जाऊ?"

त्याने हेल्मेट डोक्यात घातले, पुन्हा काढले, आरशावर अडकवले, पुन्हा घातले. रस्त्यावरून दोन रिक्षा गेल्या. मग त्याने गाडी चालू केली आणि पुढे बघतच म्हणाला, "बसा."

मी त्याच्या खांद्याला धरून मागे बसलो.